बन्नीत झाडं लावण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कच्छमधलं बन्नी म्हणजे गुरांनी चरून उजाड केलेलं जंगल, तिथे झाडं लावायला वर्गणी द्या.’ गवताळ प्रदेशांचं शास्त्र शिकवण्यात आणि त्यावरच्या संशोधनात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून स्पष्ट सांगते, हे चूक आहे. बन्नी हा सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश आहे, उजाड जंगल नव्हे.

तिथलं मोठं संकट झाडानंच आणलं. कच्छच्या रणाचा खारेपणा पुढे सरकू नये म्हणून 1960च्या दशकात वनखात्यानं वेडी बाभूळ, म्हणजे इथला गांडो बावळ, लावली. तिच्या शेंगा गोड. गुरं त्या खातात, बी न पचता शेणातून पडतं आणि तिथेच रुजतं. दाट जाळी झाली की खाली गवत टिकत नाही.

बन्नीतल्या जिंजवो गवताचा झुबका बोटांनी फाकवून बघा, नवे कोंब अगदी जमिनीलगत दिसतील. म्हणूनच वरची पाती गुरांनी खाल्ली तरी ते पुन्हा फुटतं. अतिचराईनं नुकसान होतंच; पण मालधारींवर, म्हणजे तिथल्या गुरं पाळणाऱ्या लोकांवर, सरसकट खापर फोडणं अन्यायाचं आहे. वर्गणी द्यायचीच तर वेडी बाभूळ काढून देशी गवत वाढवणाऱ्या कामाला द्या, आणि तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.