सिक्युरिटीची रांग नेमकी कुठे अडते

दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याच्या विमानतळांवरच्या रांगांचे फोटो फिरू लागले की मराठी ग्रुपांवर तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, सीआयएसएफचे जवान उगाच प्रत्येकाची झडती घेतात, लंडनला कुणी अंगाला हात लावत नाही. दुसरी म्हणते, दोष जवानांचा नाही, आपल्याच लोकांना शिस्त नाही. इथे लंडनमध्ये राहून दोन्हीकडच्या तपासणीशी कायम संबंध येत असल्यामुळे मला दोन्ही आरोप अन्यायाचे वाटतात. रांग अडते ती यंत्रांमुळे आणि बॅग भरण्याच्या पद्धतीमुळे.

भारतात आपण ज्या चौकटीतून जातो ती फक्त धातू ओळखते. प्लास्टिक स्फोटक तिला कळत नाही. म्हणून चौकट वाजो वा न वाजो, प्रत्येकाला ठोकळ्यावर उभं करून हातातल्या डिटेक्टरने आणि हाताने तपासावं लागतं. बायकांची तपासणी पडद्याआड, महिला जवानांकडून होते, आणि त्या कमी असल्या की ती रांग आणखी लांबते. आता पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बघा. बॅग एक्स-रेमधून बाहेर आलेली असते, पण तिचा मालक अजून हात पसरून झडतीच्या रांगेत असतो. ट्रे उचलायला कुणी नाही, रोलर भरतो, पट्टा थांबतो आणि मागे पन्नास माणसं खोळंबतात. यात ना जवान उद्धट असतो, ना प्रवासी बेशिस्त.

ब्रिटनमध्ये बॉडी स्कॅनर असतो. हात वर करून दोन-तीन सेकंद उभं राहायचं. पडद्यावर शरीराचं चित्र येत नाही, सगळ्यांसाठी एकच ठोकळेबाज आकृती येते आणि शंका असेल तिथे पिवळा चौकोन उमटतो. तेवढ्याच जागी हाताने तपासतात. आपल्या आयांना मात्र एक गोष्ट आधी सांगून ठेवायला हवी. साडीच्या निऱ्या, जरीचे काठ, पदराची पिन, भरतकाम यांवर हा चौकोन हमखास उमटतो. संशय म्हणून नव्हे, कापडाच्या जाड घड्यांमुळे. परदेशप्रवासाला साधा सलवार-कुर्ता सोयीचा, आणि बांगड्या रांगेत असतानाच काढून बॅगेच्या चेनच्या कप्प्यात टाकलेल्या बऱ्या. ट्रेमध्ये सुट्या ठेवल्या की हरवतात.

भारतात नागरी उड्डाण सुरक्षा ब्यूरोने, म्हणजे बीसीएएसने, २०१९ च्या एप्रिलमध्येच विमानतळांना बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं होतं आणि अतिसंवेदनशील विमानतळांना वर्षभराची मुदत दिली होती. मुदत टळून वर्षं लोटली. चर्चा व्हायला हवी ती याची. मुदती इथेही टळतात हे मान्य. बॅगेतलं सगळं त्रिमितीय दाखवणारे, आणि म्हणून द्रवाची मर्यादा सैल करता येईल असे सामानाचे नवे सीटी स्कॅनर बसवायला ब्रिटिश सरकारने आधी डिसेंबर २०२२ आणि मग जून २०२४ ही मुदत ठरवली, आणि तेही बऱ्याच विमानतळांना जमलं नाही. लंडन सिटी विमानतळाने २०२३ मध्ये दोन लिटरपर्यंत द्रव न्यायला मुभा दिली होती, ती जून २०२४ मध्ये काढून घेऊन पुन्हा १०० मिलिलिटरची मर्यादा आली. एडिंबरा आणि बर्मिंगहॅमला २०२५ च्या जुलैत मर्यादा दोन लिटर झाली. फरक इतकाच, की कुठे कोणता नियम चालू आहे हे प्रवाशाला घरबसल्या कळतं. आपल्याकडेही प्रत्येक टर्मिनलवर कोणतं यंत्र आहे, बॅगेतून काय काढायचं आणि काय नाही, हे विमानतळाने जाहीर करावं. त्याला नवं यंत्र लागत नाही, आजच करता येतं.

आणि तपासणीतून सूट असलेल्या पदांची यादी. राष्ट्रपती-पंतप्रधानांपर्यंत समजू शकतं, पण ती केंद्रीय आणि राज्यांच्या नेत्यांपर्यंत लांबत जाते. ज्यांना रांग माहीतच नाही त्यांच्या हातात रांगेचे निर्णय आहेत, हे मला पटत नाही. ती यादी छाटावी.

डिजियात्रा या अ‍ॅपबद्दल दोन्ही टोकांचं बोललं जातं. चेहरा ओळखून टर्मिनलच्या दारातून आणि सिक्युरिटीच्या तोंडापर्यंत ती लवकर नेते, पण एक्स-रे आणि झडती सगळ्यांना तीच. आपल्या चेहऱ्याची माहिती द्यायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. तपासणीचा वेळ वाचेल या आशेने मात्र देऊ नये.

आता आपल्या हातात असलेली गोष्ट, बॅग. एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळे आणि मिश्र वस्तू हिरव्या. बेसनाचे लाडू, बर्फीचे थर, पुरणपोळ्यांची चवड हे घट्ट, एकसंध नारिंगी ठोकळे असतात, आणि प्लास्टिक स्फोटकही साधारण तसंच दिसतं. त्यात ते स्टीलच्या डब्यात असले तर डबा गडद दिसतो आणि आतलं कळतच नाही. मग बॅग बाजूला निघणार, डबा उघडणार, पट्टीने पुसून स्फोटकांच्या कणांची चाचणी होणार. म्हणून फराळ पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात, एकावर एक न रचता पसरून ठेवा. त्यावर चार्जरच्या वायरींचा गुंता नको. वायरी, पॉवर बँक, लॅपटॉप एका पिशवीत सगळ्यात वर असले की भारतात ते काढायला दहा सेकंद लागतात. हातांना ग्लिसरीन असलेलं क्रीम लावलं असेल तर कणांच्या चाचणीत खोटा इशारा येऊ शकतो, ते विमानात बसल्यावर लावा.

लोणचं, तूप, चटणी, श्रीखंड, आमरस हे सगळं तपासणीच्या हिशेबात द्रवच. आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरची मर्यादा बाटलीच्या मापावर लागते, आतल्या मालावर नाही. २०० च्या बाटलीत तळाशी दोन चमचे तूप असलं तरी ती काढून घेतात. म्हणून हे चेक-इनच्या सामानात, दोन पिशव्यांत बांधून. सुकं खोबरं चेक-इनमध्येही ठेवू नका. तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. बीसीएएसने २०२४-२५ च्या यात्राकाळात शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून न्यायच्या पूजासाहित्याच्या गाठोड्यातला नारळ केबिनमध्ये न्यायची तात्पुरती मुभा दिली, तीही एक्स-रे आणि हाताने तपासणी करूनच. नारळ अडवला की त्यात धर्माचा अपमान शोधणाऱ्यांनी हे कारण लक्षात घ्यावं.

पॉवर बँक याच्या उलट. ती केबिनमध्येच, चेक-इनमध्ये कधीच नाही. सापडली तर बॅग उतरवली जाते आणि गेटवरून तुम्हाला बोलावणं येतं. मर्यादा १०० वॅट-तासांची. मिलिअँपिअर-तास (mAh) गुणिले ३.७ भागिले १,००० असा हिशेब, म्हणजे २०,००० ची ७४ भरते आणि चालते, ३०,००० ची १११ भरते आणि तिला विमान कंपनीची परवानगी लागते. वरची छपाई पुसलेली असली की जवानाला आकडा कळत नाही आणि ती तिथेच सोडावी लागते.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी मसाल्यांचं पाहावं. जून २०१८ पासून तिकडे जाणाऱ्या थेट विमानांच्या केबिनमध्ये ३५० मिलिलिटरहून जास्त पूड नेली तर वेगळी तपासणी होते, आणि शंका मिटली नाही तर पूड मागे ठेवावी लागते. गोडा मसाला, हळद, मेतकूट चेक-इनमध्येच बरं. आई-बाबांची औषधं मात्र केबिनमध्ये, मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. पेसमेकर असेल तर कार्ड आधीच हातात ठेवावं आणि डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका असं जवानाला सांगावं. ते ऐकतात.

शेवटी विमान बदलणाऱ्यांसाठी. ब्रिटनमध्ये दोन लिटरची मुभा मिळाली तरी वाटेत जिथे पुन्हा तपासणी आहे तिथे तिथलाच नियम लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी अजून १०० मिलिलिटरचाच आहे. ड्युटी फ्रीमधली बाटली दुकानदाराने सीलबंद पिशवीत, पावती आत दिसेल अशी दिली असेल तरच पुढे जाते. सील घरी पोचेपर्यंत फोडू नये.