झाकण कुठंय?

आमच्या बेळगावात शहापूर-वडगावकडची काळी माती बासमतीला चांगली, संडासाच्या टाकीतलं पाणी मुरवणाऱ्या शोषखड्ड्याला नाही. पावसानं ती एकदा फुगली की पाणी मुरू देत नाही. खानापूरच्या तांबड्या जमिनीत घर बांधलेले आमचे साडू "आमची टाकी कधी उपसावीच लागली नाही" असं ऐकवतात, तेही जेवताना. गाळ त्यांच्याकडंही साचतोच, पण पाणी मुरतंय तोवर माणूस फुशारकी मारणारच.

आमच्याकडं गौरी यायच्या आदल्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, संडासातलं पाणी खाली जायचं सोडून वर आलं.

लगेच तज्ज्ञ जमले. आत्या म्हणाली, "वास येऊलाय की ओ! गूळ-शेण घाला." शेजारच्या मामी फिनेलचा कॅनच घेऊन आल्या. मैला कुजवणारे जंतू त्यानं मरतात, हे सांगायची सोय नव्हती; कॅन त्यांचा होता. बाबांचा एकच हेका, "टाकी भरलीच कशी?" अहो, सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते! जेवढं आत येतं तेवढं पाणी शोषखड्ड्यात जातं, तो घेईना की तुंबतं. पण ओवशाची सुपं मांडलेली असताना हे किती समजावणार?

टँकर आला. ड्रायव्हरनं पहिलाच प्रश्न कानडीत टाकला, "मुच्चळ एल्लैत री?"

झाकण कुठंय? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आईनं पारिजातकाकडं बोट केलं, बाबांनी मोरीमागं. थोरल्या काकांनी तुळशीपासून छाती काढून पावलं मोजली. तुळस मध्यंतरी हलवलीय हे नंतर आठवलं. शेवटी ड्रायव्हरच पहार आपटत फिरला. पोकळ आवाज आला तो नेमका ताईच्या लग्नात बसवलेल्या फरशीखाली. त्या फरशीचा दर बाबांनी अख्ख्या वऱ्हाडाला सांगितला होता.

फरशी फुटली. काका विडी ओढतच डोकवायला वाकले.

"बिडी आरिसरी!" विडी विझवा म्हणून ड्रायव्हर किंचाळला. आतला मिथेन भडकतो. गल्लीतला एक पोरगा "मी उतरतो" म्हणाला, त्याला तर त्यानं गेटबाहेरच काढलं. विषारी वायूनं माणूस आतच संपतो, आणि असं माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. त्याचं हे वागणं मला सगळ्या तज्ज्ञांपेक्षा शहाणपणाचं वाटलं.

उपसा झाल्यावर बाबांनी लांबूनच मान उंच करून पाहिलं. "तळाला राहिलंय की थोडं! पैसे मात्र पुरते घेता."

"राहू दे ओ अण्णा," पाइप गुंडाळत तो म्हणाला, "विरजणाला पायजे की."

रात्री पानातल्या दह्याला कुणी हात लावला नाही.