खुलासा : ग्राहक तक्रारीआधी वकिलाची नोटीस सक्तीची नाही

'वकिलाची नोटीस पाठवल्याशिवाय ग्राहक आयोग तक्रार घेतच नाही, साध्या ईमेलला काडीची किंमत नाही,' असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अशी अट नाही. तक्रार स्वतः दाखल करता येते, वकीलही सक्तीचा नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. त्याआधी तडजोडीसाठी 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

दुकानदाराला आधी लेखी कळवणे मात्र शहाणपणाचे, कारण तोच पुढे पुरावा ठरतो. उदाहरणार्थ: 'मी 3 मार्चला घेतलेला फ्रिज (बिल सोबत जोडले आहे) 10 मार्चपासून गार होत नाही. तुमचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला, दोष कायम आहे. कृपया 15 दिवसांत फ्रिज बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत. अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.' बस्स, एवढेच. 'चोर', 'लुटारू', 'बदनामी करीन' असले शब्द रागात सहज लिहिले जातात, पण तोच कागद उद्या आयोगासमोर जातो आणि मूळ दोष बाजूला पडून तुमच्या भाषेवरच वाद रंगतो. फोनवर बोलणे झाले असेल तर त्याच दिवशी 'आपले असे ठरले' असा संदेश पाठवून ठेवा.

तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षांची आहे. नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही.