पानं थंडीने रंगत नाहीत

पानगळीचे दिवस जवळ आले की एक मजकूर हमखास फिरायला लागतो: "पहिली कडक थंडी पडली की पानं मरू लागतात. मरता मरता त्यांच्यात दडलेले रंग बाहेर येतात. थंडी जितकी जास्त, तितका रंग गडद. निसर्गच निरोप घेतो, म्हणून आपलंही मन उदास होतं." वाचायला गोड आहे, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. शेवटच्या वाक्याने तर एखाद्याचं नुकसान होऊ शकतं.

आधी थंडी. समशीतोष्ण प्रदेशातली बहुतेक पानझडी झाडं मुख्यतः रात्रीची लांबी मोजतात. हे काम पानातल्या फायटोक्रोम या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचं. हरितद्रव्य उन्हाळाभर मोडत असतं आणि नव्याने बनत असतं. रात्र पुरेशी लांबली की नवं बनणं मंदावतं आणि हिरवा रंग ओसरतो. रस्त्यावरच्या दिव्याला लागून असलेली फांदी कधी कधी उरलेल्या झाडापेक्षा उशिरापर्यंत हिरवी राहते. थंडी तर दोन्हीकडे सारखीच, फरक उजेडाचा. तापमान हे वेळापत्रक पुढेमागे सरकवतं, एवढाच त्याचा वाटा. शिवाय त्याचा परिणाम सरळसोट नाही. 2023 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार उत्तर गोलार्धात 21 जूनच्या आसपासच्या सर्वांत मोठ्या दिवसाआधीची ऊब पानांचं पिकणं लवकर सुरू करते, तर त्यानंतरची ऊब ते लांबवते.

'दडलेले रंग' हे निम्मं खरं. बर्च आणि गिंको यांचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांचा. ती पानात आधीपासून असतात, हिरवा ओसरला की दिसतात. लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी. तो देणारं अँथोसायनिन बहुतेक झाडांत त्याच दिवसांत, पानातल्या साखरेपासून, नव्याने तयार होतं. कोवळी पालवी तांबूस दिसते तीही याच द्रव्यामुळे.

हे तपासता येतं. दरवर्षी लाल होणाऱ्या मेपलचं भर उन्हातलं, अजून हिरवं असलेलं पान निवडा. त्यावर दोन सेंटिमीटर रुंदीची अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळून हलक्या क्लिपने अडकवा. आजूबाजूची पानं लाल झाली की पट्टी काढा. झाकलेला भाग पिवळट किंवा हिरवट निघतो, बाकीचं पान लाल. चिकटपट्टी लावू नका, सोडवताना पानाची साल निघते. कागद पावसाने भिजतो आणि खाली बुरशी धरते. सावलीतलं पान निवडलं तर ते मुळातच नीट लाल होत नाही, मग फरक कुठून दिसणार?

आता 'मरणं'. उन्हाळ्यात अर्धवट मोडून वाळलेली फांदी पाहा. तिची पानं तपकिरी होऊन तशीच लटकत राहतात, कारण मेलेलं पान स्वतःहून गळू शकत नाही. गळण्यासाठी देठाच्या बुडाशी पेशींचा एक खास थर सुटा व्हावा लागतो आणि ते जिवंत पानाचं काम आहे. रंगणारं पान तर आवराआवर करत असतं. आपल्यातला साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त नायट्रोजन ते झाडाला परत पाठवतं. काही झुडपांच्या अँथोसायनिन न बनवणाऱ्या वाणांवर 2003 साली संशोधन झालं, त्यात ते वाण कमी नायट्रोजन परत मिळवताना आढळले. म्हणजे हरितद्रव्य उतरत असताना लाल रंग तीव्र उन्हापासून पानावर छत्री धरतो, असं मानायला चांगला आधार आहे.

गडद रंगासाठी कडाका उपयोगाचा नाही. लख्ख, कोरडे दिवस आणि गार पण गोठणबिंदूच्या वरच्या रात्री, असा जोड हवा. दिवसा उन्हात साखर बनते, आणि गार रात्रीमुळे ती पानातच राहते. गोठवणारी थंडी लवकर आली तर पानं थेट तपकिरी होतात.

एकच फांदी ऐन उन्हाळ्यात लाल झाली तर मात्र हौसेने फोटो काढून थांबू नका, झाड ताणाखाली असू शकतं. खोडाच्या बुडाशी माती बाजूला करून गळफासासारखं आवळणारं मूळ आहे का पाहा. वीस सेंटिमीटर खोलीवरची माती कोरडी आहे की चिखल, तेही बघा. कोरडी असेल तर सावकाश, खोलवर पाणी द्या. पाणी साचत असेल तर आधी निचरा. नायट्रोजनचं खत अशा वेळी टाकू नये, ताणाखालच्या झाडाकडून ते नवी वाढ मागतं.

शेवटचा मुद्दा मनाचा. तीच पानं पाहून कुणाला हुरूप येतो, कुणाला हुरहुर लागते, आणि दोन्ही खरंच आहे. पण दरवर्षी याच सुमारास झोप वाढणं, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ लागणं, कशातच रस न उरणं हे 'निसर्गाचा निरोप' म्हणून सोडून देऊ नये. 1984 साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी या ऋतुबद्ध नैराश्याचं वर्णन केलं. त्याचा संबंध पानांशी नसून घटत्या उजेडाशी जोडला जातो. म्हणूनच यावर प्रकाशोपचार वापरतात: सकाळी उठल्यावर 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), अतिनील किरण गाळलेल्या दिव्यासमोर सुमारे 30 मिनिटं बसायचं, डोळे उघडे, पण नजर दिव्यात रोखलेली नको. दिवा उत्पादकाने सांगितलेल्या अंतरापेक्षा लांब ठेवला की लक्स झपाट्याने घटतात. 'उपयोग झाला नाही' म्हणणाऱ्यांनी आधी हेच अंतर मोजावं. डोळ्यांचा विकार किंवा द्विध्रुवीय (बायपोलर) विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असंच राहिलं तर दिव्याच्या परिणामाची वाट न पाहता त्यांना भेटा.