कन्नडच्या गॅरेजवर एक स्टार देणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब. ऐन लग्नाच्या गडबडीत गाडी आमच्याकडे अडकली, घरच्यांना एसटीने चाळीसगाव गाठावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण "ऑइल कुठंच गळत नव्हतं, तरी चांगला मास्टर सिलेंडर काढून नवा गळ्यात मारला" हे वाचून फार लागलं. नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा फोन करून विचारायला लागली आहेत. कन्नडसारख्या गावात गॅरेज नावावरच चालतं.

बाहेर गळत नव्हतं, हे बरोबर. मास्टर सिलेंडर म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारा पार्ट. पण मास्टर सिलेंडरच्या एकाच नळीत पुढेमागे दोन पिस्टन आणि दोन कप्पे असतात. तुमच्या गाडीत प्रत्येक कप्पा तिरकी दोन चाकं धरतो, पुढचं डावं असेल तर मागचं उजवं. एखादा पाइप फुटला तर पेडल खोल जातं, अंतर जास्त लागतं, पण दुसऱ्या कप्प्यावर गाडी थांबते. पिस्टनचं दाब धरणारं रबर झिजलं की मात्र ऑइल बाहेर येत नाही. रबराच्या कडेने मागं सरकून परत वरच्या ऑइलच्या डबीत जातं. डबीतली पातळी तेवढीच, खाली एक थेंब नाही, अन् पेडल बसत जातं.

हे तुमच्याच पायाने दाखवलं होतं, साहेब. इंजिन चालू ठेवून पेडल हलकं दाबून धरा म्हटलं, ते हळूहळू मॅटला टेकलं. एकदम जोरात दाबलं की रबर फाकून घट्ट बसतं आणि ब्रेक लागतो, म्हणून गावात तुम्हाला काही जाणवलं नाही. घाट उतरताना पाय ब्रेकवर धरून ठेवावा लागतो. चाळीसगावला जायला तुम्ही औट्रम घाट उतरणार, गाडीत लेकरं. नुसतं टॉपअप करून "जा" म्हणणं माझ्याच्यानं झालं नसतं.

रबर किट टाकून भागलं असतं, असं तुमच्या मेव्हण्यांचं म्हणणं. जुना सिलेंडर पिस्टन काढून, पिशवीत घालून तुमच्या डिकीतच ठेवलाय. मोबाइलची बॅटरी मारून नळीत बघा, गंजाचे खड्डे दिसतील. करंगळी घातली तर नखाला लागतात. तिथं नवं रबर कापलंच जाणार.

उशिराचं म्हणाल तर सिलेंडर बूस्टरवर, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर, दोन नटांवर बसतो, खोलायला वेळ लागत नाही. पण गाडी शनिवारी दुपारी आली, रविवारी संभाजीनगरची दुकानं बंद, पार्ट सोमवारी मिळाला. नवा सिलेंडर आधी वाईसमध्ये धरून आतली हवा काढायची, मग चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची. इथं घाई केली की पेडल स्पंजासारखं लागतं. ऑइलही काळं पडलं होतं, म्हणून सगळं बदललं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ प्रकारच्या ब्रेक ऑइलची उकळायची हद्द नव्याला किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी ओढलेल्याला किमान १४०. घाटात ब्रेक तापतात तेव्हा हा फरक कळतो.

पार्टला उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाला कळवत राहायचं असं पोरांना सांगितलंय, बिलही जरा फोड करून देऊ. बाकी तो सिलेंडर कुठल्याही मिस्त्रीला दाखवा. चांगला होता असं कुणी म्हणालं, तर पार्टचे आणि मजुरीचे पैसे परत देतो.