गरोदरपणातील मधुमेह आणि ३७ व्या आठवड्यातील प्रसूती : खुलासा

'गरोदरपणात साखर वाढली, तर ३७ व्या आठवड्यातच सिझेरियन करावे लागते, नाहीतर बाळ दगावते' असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे, आणि आधीच धास्तावलेल्या गरोदर स्त्रीला तो अधिक घाबरवतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आहाराने किंवा औषधाने साखर आटोक्यात असेल, तर ३९ आठवड्यांपूर्वी सरसकट प्रसूती करू नये. कारण या मधुमेहात बाळाची फुफ्फुसे परिपक्व होण्यास उशीर लागू शकतो आणि घाईने जन्मलेल्या बाळाला श्वास घेताना त्रास होण्याची शक्यता वाढते. तोवर कळा आल्या नाहीत, तर ३९ व्या आठवड्यात किंवा त्यानंतर त्या औषधाने आणण्याचे नियोजन केले जाते. केवळ मधुमेह आहे म्हणून सिझेरियन होत नाही. बाळाचे अंदाजे वजन चार किलोच्या पुढे असल्यास त्याचा विचार होतो.

साखर आटोक्यात नसेल, रक्तदाब वाढला असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर डॉक्टर लवकर प्रसूतीचा निर्णय घेऊ शकतात, आणि तेव्हा तो टाळणेही तितकेच धोक्याचे असते. हालचाल कमी जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाका.