पांडवलेण्यांच्या व्हिडिओचे सात महिने

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंत, "यूट्यूबवर कॉलेजची पोरं रोज एक व्हिडिओ टाकतात. विकिपीडियासाठी पांडवलेण्यांवरच्या सहा मिनिटांना तुम्हाला सात महिने लागले आणि त्यात साधं संगीतही नाही." सात महिने फार झाले, हे मान्य. ते कुठे गेले तेवढं सांगतो.

आधी संगीत. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण बाजारात मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणावर गायकाचे आणि कंपनीचे हक्क असतात. विकिपीडियातली चित्रं-व्हिडिओ जिथे ठेवतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर 'फक्त अव्यावसायिक वापरासाठी' दिलेलंही चालत नाही. कुणीही वापरावं, बदलावं, अगदी विकावं, एवढी मोकळीक द्यावी लागते. एका ओळखीच्यानं ड्रोनचं चित्रण हौसेनं देऊ केलं होतं, पण परवाना वाचून तो मागे सरला. त्याला दोष नाही, मेहनत त्याची होती. मोबाइलवरची एमपी४ फाइल तिथे तशीच चढत नाही, ती वेबएम या दुसऱ्या व्हिडिओ-प्रकारात बदलावी लागते. पण ते एकदा जमलं की जमलं.

खरा वेळ खाल्ला एका वाक्यानं. ३ क्रमांकाच्या लेण्यात मोठा ब्राह्मी लेख आहे. तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं कोरवून घेतला, असं मी निवेदनात म्हणून गेलो. लेख आहे त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षातला, आणि दान आहे गौतमी बलश्रीचं, म्हणजे सातकर्णीच्या आईचं. मुलाचा पराक्रम तिनं त्यात सांगितलाय. त्या माउलीचंच नाव माझ्याकडून सुटलं, याचं मला फार वाईट वाटलं.

लिखित लेखात ही चूक कुणीही 'संपादन' दाबून मिनिटभरात दुरुस्त केली असती. व्हिडिओत तेवढंच वाक्य पुन्हा बोललो, तर ठिगळ लावल्यासारखं ऐकू येई. मूळ निवेदन लेण्यापाशी केलेलं, मागे आग्रा महामार्गावरच्या ट्रकांची घरघर. शेवटी सगळंच पुन्हा केलं; घरी, रात्री अकरानंतर, पंखा बंद करून.

आता एकेक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, संहिता विकिपीडियावर लेखाच्या चर्चापानावर टाकतो. मी नसलो तरी कुणालाही एखादं वाक्य बदलता यावं. ज्ञानकोशातला व्हिडिओ असा बदलता येत नसेल तर त्याचा उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे. संगीत नसल्यानं हे काम सोपंही जातं.

पुढचा विषय येवल्याची पैठणी. तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात, असं लिहिलंय. चित्रीकरणाआधी संहिता एकदा तपासून द्याल का?